काटदरे साळिंदरानं ओळंबा बांधला

एका जंगलात एक तळं होतं. जंगलाचं नाव विचारू नका, मुलांनो. नाव सांगितलं की तुम्ही नकाशा काढाल, नकाशात तळं सापडणार नाही आणि गोष्ट सुरू व्हायच्या आधीच भांडण सुरू होईल.

उन्हाळ्यात सगळ्या जंगलात तेवढंच पाणी उरायचं. पिणारे मात्र पुष्कळ. शिवाय पिणाऱ्यांपैकी काहींना उरलेले पिणारे खायला आवडायचे. म्हणून जंगलाचे सरपंच गजाण्णा हत्ती यांनी नियम केला होता: ज्याची पाळी असेल त्यानंच पाणी प्यावं. पाळ्यांचा कागद तळ्याकाठच्या अर्जुनाच्या खोडाला चिकटवलेला असे.

हा कागद लिहायचं काम काटदरे नावाच्या साळिंदराकडे होतं. पाठीवर एवढ्या लेखण्या असूनही काटदरे कॉम्प्युटरवर लिहायचा. वडाच्या ढोलीत जंगलाचा कॉम्प्युटर होता. त्यावर ‘खरडवही’ नावाचा टेक्स्ट एडिटर होता. टेक्स्ट एडिटर म्हणजे काय, मुलांनो? कोरा कागदच, फक्त काचेचा. त्यात रंग नाहीत, नक्षी नाही, चौकटी नाहीत. लिहा आणि गप्प बसा.

काटदरे लिहायचा आणि गप्प बसायचा. पण रकाने गप्प बसायचे नाहीत. कागदावर रकाने तीन: कोण, केव्हा आणि कोणत्या काठानं. आता ‘रानडुक्कर, पत्नी व सर्व परिवार’ एवढं लांब नाव लिहिलं की त्याची वेळ घसरून खालच्या ओळीत जायची. तिथली वेळ आणखी खाली जायची. शेवटी बिबट्याच्या नावासमोर ‘पिल्लांसह, बोट धरून’ असं यायचं आणि सशासमोर ‘एकट्यानं यावं, गुरगुरू नये.’

प्राणी कागदासमोर उभे राहायचे, मान इकडे वाकडी करायचे, तिकडे वाकडी करायचे. मग काही न समजता, कान टवकारून, वारा हुंगत, जपून जपून तळ्यावर जायचे.

गंमत बघा, मुलांनो. त्या तळ्यावर वर्षानुवर्षं कुणी कुणाला खाल्लं नव्हतं. गजाण्णा याचं श्रेय नियमाला द्यायचे.

एका सकाळी हरणाबाई वडाखाली आली. ही चितळ जातीची हरिणी. तिला नुकतंच पाडस झालं होतं. ते अजून चालताना स्वतःच्याच पायात अडकायचं.

“काटदरेभाऊ, मला एक सांगा. माझी पाळी नक्की केव्हा?”

“कागदावर आहे की.”

“कागदावर माझ्या नावापुढं ‘शिंगं बाहेर ठेवून यावं’ असं आहे. मला शिंगं नाहीत.”

“ते रानरेड्याचं आहे. घसरलंय.”

“भाऊ, एकटी होते तेव्हा चालायचं. अंदाजानं यायचे, कुणी दिसलं तर पळायचे. आता हे पोर घेऊन अंदाजानं कसं येऊ? ह्याला पळता येत नाही, ह्याला तहान धरवत नाही. मला स्पष्ट वेळ द्या. वाचली की कळेल अशी.”

काटदरेच्या मनाला ते लागलं. तो कामात चोख होता. शुद्धलेखनाची एक चूक दिसली तरी त्याच्या अंगावर काटा उभा राहायचा, आणि साळिंदराच्या अंगावर काटा उभा राहणं ही शेजाऱ्यांच्या दृष्टीनं साधी गोष्ट नसते.

“उद्या सकाळी सगळे रकाने सरळ रेषेत दिसतील,” तो म्हणाला. “माझा शब्द.”

वरच्या फांदीवरून कुणीतरी खोकलं. तो काकडे होता. काकडे हा कावळा जंगलातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा जाणकार. जंगलात कॉम्प्युटर एकच होता, तरी तो सगळ्या कॉम्प्युटरांचा जाणकार होता.

“रकाने सरळ करायला ओळंबा घाल,” काकडे म्हणाला.

भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा तुम्ही पाहिला असेल. हा तो नव्हे. हे खरडवहीला जोडायचं एक पॅकेज होतं. ते बसवलं की एडिटर रकाने आपोआप एका रेषेत आणतो. लांब नाव आलं तरी काही घसरत नाही.

“हे बघ,” काटदरे खूष होऊन म्हणाला, “खरडवहीच्या यादीत ओळंबा आहेच. नुसतं ‘बसवा’ म्हणायचं.”

काकडेनं डोळे मिटले. फार दुःख झाल्यासारखे.

“तयार पॅकेज घेणार तू? काटदरे, तू? अरे, तयार घेतात ती माकडं. आपण सोर्स कोडपासून बांधतो.”

पॅकेज दोन तऱ्हांनी मिळतं, मुलांनो. तयार पॅकेज म्हणजे दुकानातून आणलेले पापड. सोर्स कोड म्हणजे उडदाची डाळ, आणि वर शुभेच्छा.

काटदरेला माकड म्हणवून घ्यायचं नव्हतं. त्यानं डाळ निवडली.

ओळंब्याचा कर्ता दूरच्या बाभळीवर राहायचा. तो सुगरण पक्षी होता. काटदरेनं त्याचा सोर्स कोड उतरवून घेतला, पाट ओढून बसला आणि बांधणीचा हुकूम दिला.

पडद्यावर एक तांबडी ओळ आली. ‘कंपायलर सापडत नाही.’

“कंपायलर म्हणजे?” हरणाबाईनं विचारलं. तिची वेळ मिळेपर्यंत ती हलणार नव्हती.

“गिरणी समजा, वहिनी,” काकडे म्हणाला. “कच्चा कोड घालायचा, यंत्राला पचेल असं पीठ बाहेर येतं.”

“गिरणीच नाही तर दळण कशाला आणलं?”

“आणतोय ना गिरणी!”

गिरणी आणली. ती बसवायला कॉम्प्युटरमधली जागा कमी पडली. काटदरेनं जुन्या पावसाळ्यातले बेडकांचे तक्रारअर्ज पुसून टाकले. जागा झाली. गिरणी सुरू झाली. पडद्यावरून पांढऱ्या ओळी भराभरा वर सरकू लागल्या. इतक्या छान सरकत होत्या की येणारे जाणारे थांबून बघू लागले. ससा थांबला. लांडगा थांबला. मोर थांबला. सगळे एका सावलीत.

ओळी थांबल्या. तांबडी आली. ‘ओळंब्याला दोरा हवा.’

“दोरा तर आहे आपल्याकडे,” काटदरे म्हणाला. दोरा हे दुसरं एक पॅकेज.

“आहे तो नवा,” काकडे म्हणाला. “ओळंब्याला जुना लागतो.”

“मग नवा काढून जुना घालू?”

“नवा काढलास तर खरडवही पडेल. ती नव्यावर टांगलीय.”

“तुझ्याकडे कसा चालतो रे ओळंबा?”

“माझ्या झाडावर व्यवस्थित चालतो.”

“तुझ्या झाडावर कॉम्प्युटर कुठं आहे?”

“म्हणूनच अडचण येत नाही,” काकडे म्हणाला आणि पंख साफ करू लागला.

काटदरेनं कर्त्याला निरोप पाठवला. ‘आपलं पॅकेज जुना दोरा मागतं. कृपया मार्ग सुचवावा. एका लेकुरवाळ्या हरिणीचा प्रश्न आहे.’

आता सुगरण पक्ष्याची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. घरटं बांधतो तो नर. अर्धं बांधून झालं की मादीला बघायला बोलावतो. तिला पसंत पडलं तर पुरं करतो. नाही पडलं तर ते तसंच लोंबकळत सोडून शेजारी दुसरं सुरू करतो. त्या बाभळीवर अशी कितीतरी अर्धवट घरटी वाऱ्यावर झुलत होती. त्यातलंच एक ओळंबा.

उत्तर आलं. ‘नमस्कार. ते मी हिला दाखवायला केलं होतं. तिनं आत डोकावून पाहिलं आणि काही न बोलता उडून गेली. मी आता दुसरं घेतलंय हाती. ओळंब्यात कुणाला सुधारणा करायच्या असतील तर आनंदच आहे.’

“भला पक्षी आहे,” काटदरे म्हणाला.

“भला आहे,” हरणाबाई म्हणाली, “पण ह्यात त्याच्या बायकोची काय चूक?”

पाडस तिच्या पोटाशी तोंड घासत होतं. उन्हं कलायला लागली होती. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि बिबटेराव आले. बिबटेराव कोण ते नावावरून कळलंच असेल. ते येताच ससा मोराच्या मागे सरकला, पण गेला कुणीच नाही, कारण पडद्यावर नवी तांबडी ओळ यायची वेळ झाली होती.

“चालू द्या, चालू द्या,” बिबटेराव हळू आवाजात म्हणाले. “मी नुसता बघतो. काय चाललंय?”

“पाळ्यांचे रकाने सरळ करतोय,” काटदरे म्हणाला.

“वा. म्हणजे कुणाची वेळ कोणती, ते वाचता येईल?”

“अगदी लांबून.”

“कोणता काठ, तेही?”

“तेही.”

“फार चांगलं काम आहे,” बिबटेराव म्हणाले आणि हरणाबाईच्या शेजारी बसले. शेपूट मात्र अंगाभोवती गुंडाळून घेतली, कुणाला लागू नये म्हणून.

काटदरेनं युक्ती केली. नवा दोरा होता तिथंच ठेवला आणि जुना दोरा एका वेगळ्या कोपऱ्यात आणून ठेवला. म्हणजे खरडवहीला नवा, ओळंब्याला जुना. कुणाचं कुणावाचून अडू नये. पुन्हा हुकूम. पुन्हा पांढऱ्या ओळी. पुन्हा तांबडी. ‘दोरा सापडत नाही.’

“आत्ता तर ठेवला!” काटदरे ओरडला. त्याचे काटे उभे राहिले. लांडग्यानं नाक सांभाळलं.

काकडेनं कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितलं. केला. सशानं सुचवलं की कोड मोठ्यांदा वाचावा. वाचला. लांडगा म्हणाला की आमच्याकडे असं काही झालं की आम्ही सगळे मिळून ओरडतो. तेही करून पाहिलं. बराच वेळ असं चाललं. तहान लागली की कुणीतरी उठायचं, तळ्यावर जाऊन यायचं आणि येताच विचारायचं, “झालं का काही?” हरणाबाईही पाडसाला घेऊन जाऊन आली. बिबटेरावांनी तिची जागा धरून ठेवली.

मग बिबटेराव पुढं झाले. पडद्याजवळ तोंड नेऊन त्यांनी ती तांबडी ओळ सावकाश वाचली.

“काटदरे, मला ह्यातलं कळत नाही. पण माग काढणं हा आमचा घरचा धंदा. हे तुमचं यंत्र दोरा शोधायला कोणत्या वाटेनं जातं?”

काटदरेनं दाखवलं.

“आणि तुम्ही ठेवलाय कुठं?”

काटदरेनं दाखवलं.

“मग ते सारखं वरच्या रानात हिंडतंय आणि सावज बसलंय खालच्या ओढ्यात. ही दुसरी वाट सांगा त्याला.”

काटदरेनं ती वाट लिहिली. हुकूम दिला. पांढऱ्या ओळी धावू लागल्या. धावल्या, धावल्या आणि शेवटी एक हिरवी ओळ आली. ‘ओळंबा बसला.’

काय तो आनंद, मुलांनो! मोर नाचला. लांडग्यानं सशाला मिठी मारली आणि दोघंही दचकून बाजूला झाले. काटदरेनं पाळ्यांचा मजकूर उघडला. रानडुकराचं सगळं कुटुंब आपल्या रकान्यात शहाण्यासारखं उभं होतं. वेळा वेळांखाली, काठ काठांखाली. हरणाबाईनं तिची ओळ वाचली. ‘हरणाबाई, पाडसासह. चिंचेची सावली खडकाला टेकताच. उत्तर काठ.’

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “बिबटेराव, तुमचे उपकार कसे फेडू?”

“छे, छे,” बिबटेराव म्हणाले. “त्याचं काही मनावर घेऊ नका. मी बघतो.”

दुसऱ्या दिवशी कागद खोडावर लागला. सगळ्यांनी तो लांबूनच वाचला. कुणाला मान वाकडी करावी लागली नाही.

हरणाबाई चिंचेची सावली बघत थांबली. सावली खडकाला टेकली. ती पाडसाला घेऊन उत्तर काठावर गेली. तिनं कान टवकारले नाहीत, वारा हुंगला नाही. कशाला? कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, ही वेळ तिची.

कागद बिबटेरावांनीही वाचला होता. ते सावली टेकायच्या आधीच उत्तर काठावरच्या घाणेरीच्या झुडपात बसले होते.

हरणाबाईनं मान खाली घातली. बिबटेरावांनी उडी घेतली.

आणि नेमकं त्याच क्षणी रानडुक्कर, पत्नी व सर्व परिवार हे तिथं येऊन धडकले. त्यांची पाळी नव्हती. काठही त्यांचा नव्हता. पण त्या घरात कुणालाच वाचता यायचं नाही. बिबटेराव थेट रानडुकराच्या सौभाग्यवतींच्या पाठीवर पडले. पुढं जे झालं ते लहान मुलांना सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की बिबटेराव चिखलात बराच वेळ उताणे होते. हरणाबाई पाडसाला पुढं ढकलत पळाली. तिच्या शेपटीचे थोडे केस तेवढे गेले.

गजाण्णांनी वडाखाली सभा बोलावली.

“बिबटेराव, लाज वाटत नाही? दुसऱ्याच्या पाळीला तळ्यावर गेलात!”

“गेलो,” अंगावरचा चिखल चाटत बिबटेराव म्हणाले. “पण पाणी प्यायलो का? विचारा कुणालाही. आपला नियम पाणी पिण्याचा आहे. मी पाणी सोडून बाकीच्या कामाला गेलो होतो.”

गजाण्णांनी नियम मनात पुन्हा म्हणून पाहिला. त्यांची सोंड हळूहळू खाली आली.

“उद्या ससे दक्षिण काठावर आहेत,” लांडगा सहज म्हणाला. “नाही, म्हणजे छान छापलंय.”

ससे एकमेकांना चिकटले.

“काटदरे,” गजाण्णा म्हणाले, “तो ओळंबा आत्ताच्या आत्ता काढ.”

काटदरे यंत्रापाशी बसला. त्यानं ओळंब्याला जाण्याचा हुकूम दिला. उत्तर आलं, ‘असं काही बसवल्याची इथं नोंद नाही.’

“काकडे, हे काय?”

काकडे फांदीवर जरा लांब सरकला. “त्याचं असं आहे. तयार घेतलं असतंस तर यंत्रानं ध्यानात ठेवलं असतं कुठं काय ठेवलंय ते. तू बांधलंस स्वतः. त्याचे तुकडे कुठं कुठं जाऊन बसलेत ते यंत्राला माहीत नाही.”

“बांधणाऱ्याला माहीत असतं ना पण?”

“बांधणारा तू आहेस.”

काटदरेला माहीत नव्हतं. त्यानं मग मजकूरच वाकडा लिहायचा प्रयत्न केला. वेळ तिसऱ्या रकान्यात टाकली. ओळंब्यानं ती सरळ केली. मुद्दाम भरमसाट जागा सोडल्या. ओळंब्यानं त्या गिळल्या. रानडुकराच्या नावापुढं मामा, मावश्या आणि दूरचे भाचे जोडले. रकाना शांतपणे रुंद झाला. फार चांगलं पॅकेज होतं ते.

“मग कागद लावूच नका,” ससा म्हणाला.

“कागद नसेल तर नियम नाही,” बिबटेराव म्हणाले, “आणि नियम नसेल तर मग काय, आम्ही मोकळेच.”

त्या गडबडीत पाडसाच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता. त्याची जीभ कोरडी पडली होती. तळं समोर चकाकत होतं आणि हरणाबाईचं पाऊल उचलत नव्हतं. तिनं पडद्याकडे पाहिलं. खालच्या कोपऱ्यात एक पिवळी चौकट लुकलुकत होती.

“काकडेभाऊजी, हे पिवळं काय आहे?”

काकडेनं वाकून पाहिलं आणि किंचाळला. “वहिनी, त्याला हात लावू नका! ते खरडवहीचं अपडेट आहे. खरडवही बदलली की हातानं बांधलेलं काहीही तिच्यावर टिकत नाही. सगळी मेहनत पाण्यात जाईल!”

वडाखालचे सगळे त्या पिवळ्या चौकटीकडे बघू लागले.

काटदरेनं हिरव्या ओळीची आठवण काढली. त्याच्या आयुष्यात इतकं सरळ काही त्यानं लिहिलं नव्हतं. त्यानं हरणाबाईकडे पाहिलं, पाडसाकडे पाहिलं. मग तो पाटावरून उठला आणि बाजूला झाला.

“थांबा!” बिबटेराव म्हणाले. “एवढ्या कष्टानं उभं केलेलं असं मोडायचं? मी स्वतः त्यात...”

हरणाबाईनं पुढचा खूर उचलला आणि पिवळ्या चौकटीवर ठेवला.

अपडेट आलं. यंत्र मिटलं, पुन्हा उघडलं. काटदरेनं मजकूर उघडला. रानडुकराचा सर्व परिवार काठाच्या रकान्यात घुसला होता, मावश्या वेळेच्या रकान्यात लोळत होत्या आणि बिबटेरावांच्या नावासमोर आलं होतं, ‘अंडी उबवून झाल्यावर.’

कागद खोडावर लागला. बिबटेराव त्याच्यापुढं उभे राहिले. त्यांनी मान डावीकडे वाकडी केली, मग उजवीकडे. लांडगा त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि त्यानंही वाकडी केली.

हरणाबाईनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं वारा हुंगला. एक कान पुढं केला, एक मागं. झुडपं बघितली. थोडी थांबली. मग पाडसाला पोटाखाली घेऊन ती काठाशी गेली, आणि ते इतकं पाणी प्यायलं, मुलांनो, की परत येताना त्याच्या पोटातून आवाज येत होता.

तात्पर्य: पॅकेज नेहमी सोर्स कोडपासूनच बांधावं. त्यात वेळ बरा जातो, शेजाऱ्यांशी ओळख होते आणि बिबट्यासुद्धा हरिणीच्या बाजूला बसून मदत करतो. फक्त ते बांधून पुरं होऊ देऊ नये.